ख्रिस्टोफर गेस्टचे सिनेमे: संवाद लिहिलेलेच नाहीत, मग लिहिलंय काय?

मोरपंखी

ख्रिस्टोफर गेस्टच्या बहुतेक चित्रपटांत लेखनाच्या श्रेयात ‘ख्रिस्टोफर गेस्ट आणि यूजीन लेव्ही’ अशी दोन नावं झळकतात. आणि त्याच चित्रपटांबद्दल सगळीकडे वाचायला मिळतं की संवाद कागदावर नव्हतेच, नटांनी ते कॅमेऱ्यासमोर उभं राहून रचले. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा?

नाव नवीन असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म न्यूयॉर्कचा, ५ फेब्रुवारी १९४८. ‘धिस इज स्पायनल टॅप’ (१९८४, दिग्दर्शक रॉब रायनर; एका काल्पनिक रॉक बँडवरचा खोटा माहितीपट) मधला गिटारवादक नायजेल टफनेल, ‘द प्रिन्सेस ब्राइड’ (१९८७) मधला सहा बोटांचा काउंट रूगन आणि ‘अ फ्यू गुड मेन’ (१९९२) मधला नौदलाचा डॉक्टर, हे तिघंही तोच. कुणी सांगितल्याशिवाय ओळखू येत नाही. दिग्दर्शक म्हणून ‘वेटिंग फॉर गफमन’ (१९९६), ‘बेस्ट इन शो’ (२०००), ‘अ माइटी विंड’ (२००३), ‘फॉर युवर कन्सिडरेशन’ (२००६) आणि ‘मॅस्कॉट्स’ (२०१६) हे त्याचे गाजलेले किंवा निदान चर्चेत राहिलेले चित्रपट, बहुतेक खोट्या माहितीपटाच्या थाटातले.

विचारायचं आहे ते असं: आराखड्यात नेमकं काय लिहिलेलं असतं? ही पद्धत कुठे फसते? आणि नवख्याने हे सगळं कोणत्या क्रमाने पाहावं?

---

भरतवाक्य

आपल्याकडचा जुना वग डोळ्यांसमोर आणा, अर्धं उत्तर तिथेच मिळतं. वगाची गोष्ट ठरलेली असायची, कोण कधी येणार आणि कुठे अडणार हे ठरलेलं असायचं. बोलणं मात्र सोंगाड्याच्या आणि सरदाराच्या तोंडी ऐनवेळी यायचं. कागदावर संवाद नाहीत म्हणजे रचना नाही, असं कुणी म्हणत नव्हतं.

गेस्ट आणि लेव्ही यांचा आराखडा पंधरा-वीस पानांच्या आसपास असतो. त्यात प्रसंगांचा क्रम असतो आणि प्रत्येक प्रसंगात प्रेक्षकाला कोणती माहिती मिळालीच पाहिजे हे असतं. त्याशिवाय प्रत्येक पात्राची पूर्वपीठिका: माणूस कुठला, करतो काय, लग्न कसं जमलं, मनात सल कोणता. ‘बेस्ट इन शो’ या श्वानस्पर्धेवरच्या चित्रपटातल्या गेरी फ्लेकला दोन्ही पाय डावे आहेत. हे कुणाला ऐनवेळी सुचून चालत नाही, कारण चाल, बूट आणि शेवटचा प्रसंग हे सगळं त्याच्यावर उभं आहे. त्याची बायको कुकी जिथे जाईल तिथे तिला जुना प्रियकर भेटतो. हाही रचनेचा भाग, कारण प्रत्येक ठिकाणी तो प्रियकर साकारणारा नट हजर पाहिजे.

नटाच्या वाट्याला उरतं ते बोलणं. आणि तालीम नाही. पहिल्यांदा जे निघतं ते कॅमेऱ्यावरच निघावं, हा गेस्टचा आग्रह.

---

साक्षेपी

‘बेस्ट इन शो’च्या आराखड्याबद्दल एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. अमेरिकेतल्या श्वानस्पर्धांत जातींचे सात गट असतात. आधी प्रत्येक जातीतला विजेता, मग गटातला विजेता आणि शेवटी सात गटविजेत्यांमधून सर्वोत्तम.

आता चित्रपटातली पाच कुत्री बघा. वायमरानर शिकारसाथी कुत्र्यांच्या गटात येतो. ब्लडहाउंड हाउंड गटात, नॉर्विच टेरियर टेरियर गटात, शित्झू खेळण्यातल्या छोट्या कुत्र्यांच्या गटात आणि स्टँडर्ड पूडल ‘नॉन-स्पोर्टिंग’ गटात. पाच कुत्री, पाच वेगळे गट! यांतली दोन एकाच गटात असती तर एक आधीच बाद झालं असतं आणि अंतिम रिंगणाची गंमत गेली असती. शेवटच्या फेरीपर्यंत चुरस टिकते ती अशी. संवादाची एक ओळ न लिहिताही हे लेखनच आहे.

---

मोरपंखी

साक्षेपी, हे अजिबात लक्षात आलं नव्हतं. पुन्हा पाहिला पाहिजे.

---

कातरकाम

आता दुसऱ्या टोकाकडून बघू. ‘गफमन’साठी (एका छोट्या गावातल्या हौशी नाटकाची गोष्ट) सुमारे ५८ तासांचं चित्रण झालं आणि चित्रपट आहे ८४ मिनिटांचा. म्हणजे पडद्यावरच्या एका मिनिटामागे ४० हून जास्त मिनिटं बाजूला पडली. ‘स्पायनल टॅप’मध्ये हे प्रमाण आणखी मोठं आहे. १०० तासांच्या वर चित्रण आणि चित्रपट साधारण ८२ मिनिटांचा.

यात फिल्मच्या मापाचा भाग फार मोठा आहे. ‘गफमन’ आणि ‘बेस्ट इन शो’ गेस्टने सुपर १६ वर, म्हणजे १६ मिलिमीटरच्या फिल्मवर केले. १६ मिलिमीटरचं ४०० फुटांचं मॅगझिन (कॅमेऱ्यावरची फिल्मची डबी) सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने साधारण ११ मिनिटं चालतं. तेवढ्याच ४०० फुटांत ३५ मिलिमीटरवर जेमतेम साडेचार मिनिटं मिळतात. ३५ वर ११ मिनिटं हवी असतील तर १००० फुटांचं मॅगझिन लावावं लागतं, आणि ते खांद्यावर घेऊन दिवसभर हिंडणं अवघड. उत्स्फूर्त प्रसंग रंगायला पहिली तीन-चार मिनिटं जातातच. नट तापायला लागला आणि फिल्म संपली, असं व्हायला नको. म्हणून १६.

हिशेब करून बघा: ५८ तास म्हणजे ११ मिनिटांची तीनशेच्या वर मॅगझिनं. ती सगळी बघायची, नोंदायची आणि त्यातून गोष्ट बाहेर काढायची. रॉबर्ट लेटन हा ‘स्पायनल टॅप’च्या संकलकांपैकी एक, आणि ‘बेस्ट इन शो’चा संकलकही तोच. हा योगायोग नाही.

---

ताक_कण्या

३००?? बापरे. आणि ११ पर्यंत आकडे असलेल्या नायजेलच्या अॅम्प्लिफायरसारखं इथेही ११ च. :)

---

खिडकीतला_पाऊस

मग खरा लेखक संकलकच म्हणायचा की. ५८ तासांच्या कच्च्या मालातून कुणीही चांगला संकलक ८४ मिनिटं काढेल.

---

कातरकाम

नाही काढणार. जे चित्रित झालं नाही ते संकलक जोडू शकत नाही. समजा नट तासभर बोलले, भरपूर हसवलं, पण “उद्याच्या प्रयोगाला न्यूयॉर्कहून माणूस येणार आहे” ही बातमी कुणाच्याच तोंडून निघाली नाही. मग तो तास फुकट. आराखडा तिथे कामाला येतो: प्रसंग कितीही वाहवत गेला तरी हे एक वाक्य कुणीतरी बोललंच पाहिजे.

शिवाय संकलनाची सोयही आधीच करून ठेवलेली असते. प्रसंगांच्या मधेमधे पात्रांच्या मुलाखती आहेत ना? त्या गाळण्यासाठी आणि सांधण्यासाठीही असतात. मुलाखतीत वाक्याच्या मध्ये उडी मारून कापलं तरी माहितीपटात ते खपून जातं. प्रसंगातल्या एका भागावरून दुसऱ्या भागावर जाताना मध्ये मुलाखतीचा तुकडा टाकला की सांधा झाकला जातो. नेहमीच्या कथापटात ही मुभा नसते.

---

षड्ज_पंचम

“काहीच लिहिलेलं नाही” या समजुतीला सगळ्यात मोठा अपवाद राहून गेला: गाणी. गाणी शंभर टक्के लिहिलेली, चाली बांधलेल्या, घोटून बसवलेल्या.

गेस्ट स्वतः तयारीचा वादक आहे. शाळेत क्लॅरिनेट, पुढे गिटार आणि मॅन्डोलिन. मॅसॅच्युसेट्सच्या स्टॉकब्रिज शाळेत आर्लो गथ्री त्याच्याबरोबर शिकत होता आणि दोघं एकत्र वाजवायचे. ‘स्पायनल टॅप’मधला त्याचा साथीदार मायकेल मॅकीन याच्याशी गाठ पडली न्यूयॉर्क विद्यापीठात. १९७३ च्या ‘लेमिंग्ज’ या रंगमंचीय कार्यक्रमात, ज्यात जॉन बेलुशी आणि चेव्ही चेससुद्धा होते, गेस्टने बॉब डिलन आणि जेम्स टेलर यांच्या नकला गाऊन केल्या. म्हणजे ‘स्पायनल टॅप’च्या दहा वर्षं आधीपासून विनोदी गाण्याचा रियाझ चालू होता.

‘अ माइटी विंड’ घ्या. त्यात साठच्या दशकातल्या अमेरिकी लोकसंगीताचे तीन वेगळे नमुने आहेत. गेस्ट, मॅकीन आणि हॅरी शीअरर यांचं ‘द फोक्समेन’ हे त्रिकूट. मिच आणि मिकी ही प्रेमगीतं गाणारी जोडी. आणि एकसारखे कपडे घालून हसतमुखाने गाणारा नऊ जणांचा ताफा. तिन्हींची वाद्यं वेगळी, सूर लावायची पद्धत वेगळी. मिकी झालेल्या कॅथरीन ओहाराने त्यासाठी ऑटोहार्प हे तंतुवाद्य शिकून घेतलं. गाणारे-वाजवणारे नट स्वतःच आहेत. चित्रपटाच्या शीर्षकगीताला ग्रॅमी मिळालं. मिच-मिकीचं ‘अ किस अॅट द एंड ऑफ द रेनबो’ हे गाणं मॅकीन आणि त्याची पत्नी अॅनेट ओटूल यांनी लिहिलं. त्याला ऑस्करचं नामांकन होतं, आणि यूजीन लेव्ही व कॅथरीन ओहारा यांनी ते त्या सोहळ्यात पात्रांच्या वेशात गायलं.

गाण्यातला विनोद फसतो कधी? गाणंच वाईट असेल तेव्हा. बेसूर गाणं पहिल्या कडव्याला हसवतं, दुसऱ्याला कंटाळा आणतं. या लोकांचं सूत्र वेगळं: चाल खरोखर गोड, साथ नीट, सूर पक्के, फक्त शब्दांत एक गोष्ट जागा सोडून. ‘स्पायनल टॅप’मध्ये नायजेल पियानोवर डी मायनरमध्ये एक हळवी सुरावट वाजवतो. ती इतकी मनापासून वाजवलेली आहे की ऐकणारा विरघळतो. मग तिचं नाव विचारलं जातं, आणि तो जे सांगतो ते इथे छापण्यासारखं नाही.

---

ताक_कण्या

षड्ज_पंचम, ते नाव माहीत असलेले सगळे आत्ता हसत असणार.

---

टोरांटोकर

मिच-मिकीच्या गाण्यात डोळे का ओलावतात याचं एक कारण नटांच्या इतिहासात आहे. लेव्ही आणि ओहारा दोघंही टोरांटोच्या ‘सेकंड सिटी’ मंडळीतले, पुढे ‘एससीटीव्ही’ या दूरदर्शन मालिकेतले. गेस्टच्या चित्रपटांपर्यंत आले तेव्हा दोन दशकांहून जास्त काळ एकमेकांची नस ओळखत होते. पुढे ‘शिट्स क्रीक’ (२०१५ ते २०२०) मध्ये हीच जोडी नवरा-बायको झाली.

गेस्टची मंडळी ठरलेली असायची: लेव्ही, ओहारा, फ्रेड विलर्ड, पार्कर पोझी, बॉब बॅलबन, मायकेल हिचकॉक, जॉन मायकेल हिगिन्स, जेनिफर कूलिज, जेन लिंच. लिंचचा प्रवेश मजेशीर. गेस्ट जाहिराती दिग्दर्शित करायचा, त्यातल्या एका कॉर्नफ्लेक्सच्या जाहिरातीत ती होती, आणि तिथून तिला ‘बेस्ट इन शो’ मिळाला. हा चित्रपट घडतो फिलाडेल्फियात, पण चित्रित झाला आमच्या कॅनडात, व्हँकूव्हरला.

---

भरतवाक्य

टोरांटोकर यांनी विलर्डचं नाव काढलं म्हणून. ‘बेस्ट इन शो’मधला समालोचक बक लॉफलिन हा विलर्ड (निधन २०२०). कुत्र्यांबद्दल काही म्हणजे काही ठाऊक नसताना तोंडाला येईल ते बोलणारा. सगळे त्याचंच कौतुक करतात. मला शेजारी बसलेल्या जिम पिडॉककडे बोट दाखवायचं आहे. त्याचा ट्रेव्हर बेकविथ हा जाणकार समालोचक. सभ्य, माहितगार, शेजाऱ्याच्या प्रत्येक प्रश्नाने खचत जाणारा. तो एकदाही हसला असता तर प्रसंग कोसळला असता. तो उलटा विनोद करायला गेला असता तरीही कोसळला असता. त्याने फक्त शांतपणे खरी माहिती देत राहायची होती. सोंगाड्या कितीही तयारीचा असो, समोर गंभीर सरदार नसेल तर फार्स होतो, वग होत नाही.

---

साक्षेपी

याच चित्रपटाचा एक परिणाम खऱ्या जगात झाला. एनबीसी वाहिनीच्या एका अधिकाऱ्याने तो पाहिला आणि फिलाडेल्फियाच्याच केनेल क्लबची खरी श्वानस्पर्धा थँक्सगिव्हिंगच्या दिवशी दाखवायची कल्पना मांडली. २००२ पासून दर वर्षी दाखवतात.

---

खिडकीतला_पाऊस

मला खटकतं ते वेगळंच. ‘मॉक्युमेंटरी’ या शब्दातच ‘मॉक’ आहे, म्हणजे टिंगल. ‘गफमन’मध्ये मिझुरीतलं ब्लेन नावाचं छोटं गाव आहे. गावाला १५० वर्षं झाली म्हणून तिथले लोक नाटक बसवतात. दंतवैद्य, प्रवास-कंपनी चालवणारं जोडपं, आइस्क्रीमच्या दुकानातली मुलगी. यांना धड अभिनय येत नाही, आणि न्यूयॉर्क-लॉस एंजेलिसच्या कसलेल्या नटांनी त्यांच्यावर हसू मिळवायचं. आपल्या राज्य नाट्य स्पर्धेतल्या एखाद्या हौशी संघावर असा चित्रपट निघाला तर आपण हसू का?

---

भरतवाक्य

प्रश्न रास्त आहे. गेस्टलाही हा शब्द आवडत नाही. आपण कुणाची टिंगल करायला निघालेलो नाही, असंच त्याचं म्हणणं आहे.

नाटक बसवणाऱ्या कॉर्की सेंट क्लेअरचा (हा स्वतः गेस्ट) नगरपरिषदेतला प्रसंग बघा. नाटकासाठी तो एक लाख डॉलर मागतो. गावाचं सगळं वार्षिक अंदाजपत्रकच त्या रकमेच्या जवळपासही नाही. नकार मिळतो आणि तो रागावून निघून जातो. तसं पाहिलं तर हास्यास्पद. पण कॅमेरा त्याच्याकडे कसा बघतो? जवळ जाऊन, हलकेच, त्याला बोलू देत. कुठेही निवेदकाचा आवाज नाही, टोमणा नाही. गावकरी त्याला परत आणायला जातात, कारण त्यांना नाटक हवंच आहे. हौशी संघात ज्यांनी एकदा तरी पडदा ओढला आहे त्यांना ही ओढ कळते. आणि प्रयोग सुरू झाला की बघा, गाणी बरी आहेत, माणसं जीव ओतून करताहेत. गेस्टने त्यांना पाडलेलं नाही.

---

खिडकीतला_पाऊस

प्रयोगाचा भाग मान्य. पण परिषदेतलं हसू मला अजूनही कॉर्कीवरच वाटतं, त्याच्यासोबत नाही.

---

षड्ज_पंचम

शब्दाचं म्हणाल तर मराठीत ‘विडंबनपट’ म्हणतात, पण विडंबन म्हटलं की मूळ कलाकृतीवर वार आलाच. मी ‘सोंगपट’ सुचवतो. सोंग आणायचं, ते वठवायचं, आणि वठलं तर बघणाऱ्याने क्षणभर खरं मानायचं. त्यात कुणाची नालस्ती नाही. माहितीपटाचं सोंग आणलेला चित्रपट तो सोंगपट.

---

टोरांटोकर

सोंगपट! पसंत. ‘स्पायनल टॅप’ला तर चपखल बसतो. सुरुवातीला बऱ्याच प्रेक्षकांना तो बँड खराच वाटला होता. पुढे तो खरा झालाही: १९९२ मध्ये अल्बम आणि लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये कार्यक्रम, २००७ मध्ये वेम्बलीला ‘लाइव्ह अर्थ’, २००९ मध्ये ग्लास्टनबरी. गंमत म्हणजे ‘फोक्समेन’ही त्याच तिघांचे. २००१ च्या दौऱ्यात ‘टॅप’च्या आधी ‘फोक्समेन’ म्हणून हेच लोक मंचावर यायचे, आणि हेवी मेटल ऐकायला आलेल्या श्रोत्यांपैकी काही त्यांची हुर्यो उडवायचे.

---

कातरकाम

सोंगपट मलाही चालेल. त्याच चित्रपटातला एक प्रसंग बारकाईने सांगतो, कारण विनोद किती काटेकोर रचनेवर उभा असतो ते त्यात दिसतं. स्टोनहेंजचा.

मंचावर मधोमध भव्य शिळाकमान उतरवायची असं ठरतं. नायजेल तिचं चित्र कागदी नॅपकिनवर काढून देतो. माप हवं असतं १८ फूट. इंग्रजी पद्धतीत आकड्याच्या डोक्यावर एक रेघ म्हणजे फूट, दोन रेघा म्हणजे इंच. नायजेल दोन रेघा काढतो. कारागीर बाई प्रामाणिकपणे १८ इंचांची कमान बनवते. प्रयोगात ती वरून खाली उतरते आणि तिच्याभोवती नाचायला आणलेली बुटकी माणसंसुद्धा तिच्याहून उंच ठरतात.

यातली प्रत्येक पायरी प्रेक्षकाला आधी दाखवावी लागते: कागद, दोन रेघा, कारागीर बाईची भेट. एक जरी पायरी गाळली तरी शेवटी नुसती छोटी कमान दिसते आणि हसू अर्धं होतं. नट काहीही बोलोत, पायऱ्यांचा क्रम हलवता येत नाही.

---

साक्षेपी

आणि ११ चा अॅम्प्लिफायर? तोही काटेकोर आहे. खऱ्या मार्शल अॅम्पसारखी पट्टी, फक्त आकडे ११ पर्यंत. मुलाखतकार (दिग्दर्शक रॉब रायनर स्वतः) विचारतो, १० लाच जास्त मोठा आवाज का नाही ठेवत? नायजेल गप्प होतो. त्या गप्प बसण्यावरच सगळा प्रसंग तोललेला आहे. चेहऱ्यावर राग नाही, गोंधळही धड नाही. एक नवीन कल्पना आत शिरायचा प्रयत्न करतेय आणि तिला जागा मिळत नाहीये. मग तो आपलं मूळचं वाक्य, हे ११ पर्यंत जातं, पुन्हा उच्चारतो. पुढे मार्शल कंपनीने २० पर्यंत आकडे असलेला अॅम्प काढला आणि त्याच्या जाहिरातीत नायजेललाच घेतलं.

---

ताक_कण्या

एवढा गाजला म्हणजे चौघांनी पैसाही चिकार कमावला असेल.

---

साक्षेपी

नाही ना. ‘टॅप’ बनला तेव्हाही पैसा नव्हता. पटकथा लिहायला ६० हजार डॉलर मिळाले होते. असा चित्रपट कागदावर वाचून कुणाला कळणार नाही म्हणून त्यांनी पटकथेऐवजी त्या पैशात वीस मिनिटांचा नमुनाच चित्रित करून दाखवला.

नंतरच्या कमाईबद्दल शीअररने २०१६ मध्ये चित्रपटाचे हक्क असलेल्या व्हिवेंडी कंपनीवर दावा लावला, पुढे गेस्ट, मॅकीन आणि रायनरही त्यात आले. त्या दाव्यात सांगितलेला हिशेब असा: १९८४ ते २००६ या काळातल्या जगभरच्या वस्तुविक्रीतून चौघांचा मिळून वाटा ८१ डॉलर, आणि १९८९ ते २००६ मधल्या संगीताच्या विक्रीतून ९८. प्रकरण पुढे तडजोडीने मिटलं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही, ही म्हण इथे अक्षरशः लागू.

---

ताक_कण्या

८१ डॉलर. बावीस वर्षांत. चौघांत.

---

टोरांटोकर

थोडं विषयांतर: हा माणूस ब्रिटिश उमराव आहे. आजोबा लेस्ली हेडन-गेस्ट मजूर पक्षाचे, त्यांना १९५० मध्ये बॅरन केलं. वडील पीटर संयुक्त राष्ट्रांत काम करायचे. ते १९९६ मध्ये गेले आणि गेस्ट पाचवा बॅरन हेडन-गेस्ट झाला. १९९९ च्या कायद्याने बहुतेक वंशपरंपरागत जागा रद्द होईपर्यंत त्याला हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसायचा हक्क होता. त्यामुळे पत्नी जेमी ली कर्टिस (लग्न डिसेंबर १९८४) लेडी हेडन-गेस्ट. नायजेलचे ब्रिटिश उच्चार इतके घरचे का वाटतात त्याचं मूळ इथे.

---

मोरपंखी

विषयांतरही आवडलं. पण दुसरा प्रश्न राहिलाय: ही पद्धत फसते कुठे? आणि २००६ पासूनचे चित्रपट फिके का वाटतात?

---

कातरकाम

तांत्रिक फसगती सांगतो, कारण बरेच लघुपटवाले ही पद्धत सोपी समजून हात घालतात.

पहिली फसगत आवाजाची. दोन नट एकमेकांवर बोलले की तिथे कापता येत नाही, कारण एकाच्या वाक्यावर दुसऱ्याची अर्धी ओळ चढलेली असते. प्रत्येकाला स्वतंत्र छोटा माइक आणि स्वतंत्र ट्रॅक हवाच. तरीही दुसऱ्याचं वाक्य संपू देण्याची सवय नटांना लागावी लागते.

दुसरी सलगतेची. लिहिलेल्या प्रसंगात दहाव्या टेकलाही नट त्याच शब्दाला पेला उचलतो. इथे प्रत्येक टेकचे शब्द वेगळे, म्हणून हाताच्या हालचाली वेगळ्या. टेक एक आणि टेक तीन जोडायला गेलं की पेला हातातून उडतो. उपाय दोन: हातात कमीत कमी वस्तू ठेवायच्या, आणि ऐकणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याचे तुकडे वेगळे, पुरेसे घेऊन ठेवायचे. बोलणाऱ्यापेक्षा ऐकणारा जास्त वेळा वाचवतो.

तिसरी सगळ्यात वाईट: नट विनोद करायला लागतो. पात्राला आपण विनोदी आहोत हे कळलं की माहितीपटाचं सोंग उतरलं. असा टेक सेटवर सगळ्यांना हसवतो आणि संकलनात पहिला बाहेर जातो.

---

भरतवाक्य

चौथी माझी: नुसते प्रश्न विचारत राहणारा नट. “हे काय?”, “कुठून आणलंस?”, “मग?” अशाने सगळं ओझं समोरच्यावर पडतं. उत्स्फूर्त नाटकात प्रत्येकाने काहीतरी ठोस माहिती टाकायची असते. “हे तुझ्या मामीच्या लग्नातलं पातेलं ना?” असं म्हटलं की समोरच्याला मामी मिळाली, लग्न मिळालं, पातेलं मिळालं.

---

साक्षेपी

फिकेपणाबद्दल. ‘फॉर युवर कन्सिडरेशन’मध्ये त्याने माहितीपटाचं सोंगच सोडलं. संवाद उत्स्फूर्त, पण मांडणी साध्या कथापटाची. कातरकाम यांनी वर सांगितलेली मुभा तिथे गेली: मुलाखतीचा तुकडा टाकून सांधा झाकता येत नाही, पात्राला मनातलं कॅमेऱ्याला सांगता येत नाही. चित्रपट तुटक वाटतो तो त्यामुळे.

२०१३ ची ‘फॅमिली ट्री’ मालिका (एचबीओ आणि बीबीसी, आठ भाग) मला उलट उजवी वाटते. क्रिस ओडाउड आपली वंशावळ शोधत निघतो, आणि शोधाला भागागणिक नवी माणसं लागतात. रचना ताजी होती. ‘मॅस्कॉट्स’मध्ये मात्र पुन्हा स्पर्धा, पुन्हा जोडपी, पुन्हा परीक्षक. ‘बेस्ट इन शो’चा साचा, कुत्र्यांच्या जागी खेळांच्या संघांचे सोंगाडे. मधल्या काळात ब्रिटनमधली ‘द ऑफिस’ (२००१), तिची अमेरिकी आवृत्ती, ‘मॉडर्न फॅमिली’, सगळीकडे पात्रं कॅमेऱ्याकडे बघायला लागली होती. त्या मालिकांची संहिता बहुतांशी लिहिलेली होती, म्हणून दर मिनिटाला विनोद. गेस्टची संथ चाल त्या सवयीच्या डोळ्यांना मंद वाटली.

---

षड्ज_पंचम

‘फॉर युवर कन्सिडरेशन’ला एवढ्या झटपट निकालात काढू नका. कॅथरीन ओहाराची मॅरिलिन हॅक ही वर्षानुवर्षं किरकोळ कामं केलेली नटी. तिच्या कामाला ऑस्कर मिळेल अशी कुणीतरी आवई उठवतं आणि तिच्या मनात आशा पेरली जाते. ती आशा आधी नाकारणं, मग हळूच जवळ करणं, मग तिच्यापायी चेहरा बदलून घेणं. ओहाराने केलेलं हे काम मी गेस्टच्या कुठल्याही चित्रपटातल्या कामाच्या वर ठेवेन. चित्रपट कमी पडतो, ती नाही.

---

साक्षेपी

हे मान्य. तिच्यासाठी तो पाहायलाच हवा.

---

खिडकीतला_पाऊस

मग क्रम ठरवा एकदाचा. माझ्यासारख्या शंकेखोरासाठीही चालेल असा.

---

भरतवाक्य

पहिला ‘बेस्ट इन शो’. स्पर्धा म्हणजे सगळ्यांना कळणारी चौकट, आणि ९० मिनिटांत संपतो. मग ‘स्पायनल टॅप’. तो रायनरचा असला तरी इथलं सगळं मूळ त्यात आहे. तिसरा ‘गफमन’. तोवर संथपणाची सवय झालेली असते. चौथा ‘अ माइटी विंड’, चांगल्या हेडफोनवर. त्यानंतर ओहारासाठी ‘फॉर युवर कन्सिडरेशन’, मग ‘फॅमिली ट्री’. ‘मॅस्कॉट्स’ शेवटी, कॉर्कीला पुन्हा भेटायला. ‘स्पायनल टॅप’चा २०२५ मध्ये आलेला दुसरा भाग पहिल्यानंतर लगेच बघू नका, मध्ये दिवस जाऊ द्या. ४१ वर्षांचं अंतर चेहऱ्यांवर दिसायला हवं.

---

कातरकाम

क्रम पटला. फक्त ‘गफमन’ बघताना एका खुर्चीवर लक्ष ठेवा. (पुढे कथानक उघड होतं.) न्यूयॉर्कहून येणाऱ्या मॉर्ट गफमनसाठी राखून ठेवलेली. प्रयोग सुरू होतो तेव्हा ती रिकामी असते. मंचावरचे नट गाता गाता तिकडे बघतात. मग एक अनोळखी गृहस्थ येऊन बसतो आणि तिथून सगळ्यांचे आवाज मोकळे होतात. प्रयोग संपल्यावर कळतं की तो भाचीच्या बाळासाठी गावात आलेला होता, गफमन नव्हेच.

---

खिडकीतला_पाऊस

आणि तरी त्याच्यामुळे प्रयोग रंगला, हो ना? त्या खुर्चीसाठी ‘गफमन’ आज रात्री पुन्हा लावतो. परिषदेचा प्रसंगही नीट बघेन.

---

मोरपंखी

उद्या इथेच लिहा काय वाटलं ते. मी ‘बेस्ट इन शो’ लावतेय, कागद-पेन घेऊन, गट मोजायला.